बुडाला भोक पाडलेला कॉम्प्युटर

"हे भोक कशासाठी आहे?"

देशकर सरांनी डबा उलटा धरला होता आणि त्याच्या बुडाच्या भोकातून ते आमच्या शेडचं छप्पर पाहत होते. भोक चांगलं अंगठा जाईल एवढं होतं. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वर रबरी बूच लावलेलं. बूच सरांनी आत्ताच काढून हातात घेतलं होतं.

"पाणी काढाले जी," शंकरराव म्हणाले.

"कॉम्प्युटरमध्ये पाणी कुठून येणार?"

"येतेच जी. डबा म्हटला का पाणी येतेच. काढाची सोय पाहिजेन ना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शंकररावांकडे पाहिलं. शंकरराव हात पुसत होते. आपलं काही चुकलं असेल अशी शंकासुद्धा त्या माणसाच्या चेहऱ्यावर नव्हती. खरं सांगायचं तर मला त्या चेहऱ्याचा फार राग आला.

हिंगण्याच्या एमआयडीसीत माझी छोटी शेड होती. आम्ही कूलर बनवायचो. नागपूरच्या माणसाला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: पत्र्याची एक मोठी पेटी, तिच्या तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा. पंप ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा त्यांच्यातून हवा ओढतो आणि घरात गारवा फेकतो. होळीपासून मृगापर्यंत आम्हाला जेवायला फुरसत नसायची. मृग लागला की शेडमध्ये चिमण्या घरटी करायच्या. तीन-चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढायचे, हे गणित आमच्या धंद्यात बापजाद्यांपासून चालत आलेलं नाही, कारण माझ्या बापजाद्यांनी धंदा केलाच नव्हता. वडील गिरणीत होते. मी डिप्लोमा केला, नोकरी सोडून शेड घातली आणि घरातला पहिला मालक झालो. पावसाळ्यात मालक आणि बेकार यांच्यात काय फरक असतो ते मला आईने बऱ्याचदा विचारलं होतं.

शंकरराव कुहीकडचे. शेडमध्ये पत्रा कापणारे, भोकं पाडणारे, वेल्डिंग करणारे आणखी होते, पण पत्रा वाकवावा तो शंकररावांनीच. पत्रा वाकवताना थोडा ताणला जातो, म्हणून किती कमी कापायचा याचा अंदाज लागतो. बाकीच्यांनी वाकवलेल्या पेटीचं झाकण बसवायला हातोडा घ्यावा लागे. शंकररावांचं झाकण स्वतःच जाऊन बसे. दरवर्षी मृगानंतर ते धानाच्या रोवणीला गावी जात आणि दिवाळीनंतर कधीतरी परत येत. त्या वर्षी मात्र ते रोवणीला गेलेच नव्हते; त्यांच्या साळ्याने भिलाईला बारमाही काम बघून ठेवलं होतं, तोवर शेडवरच थांबले होते.

"तान्हा पोळा झाला का जातो भाऊ," त्यांनी मला आधीच सांगून टाकलं होतं. "पोट्टे मोठे होऊन राहिले. अर्ध्या सालाच्या कामावर कसं भागंल?"

शंकरराव गेले म्हणजे शेडला कुलूपच. मला बारमाही काम पाहिजे होतं, आणि तेही पोळ्याच्या आत. अशा वेळी माणूस देवाला नवस बोलतो. आमच्या घरी नवसाची पद्धत छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच बंद झाली होती, तेव्हा मी फक्त गेटकडे बघत बसायचो.

आणि गेटातून देशकर सर आले.

सर एका खाजगी संस्थेच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. बारीक, चष्मेवाले, घाईत असलेले. त्यांच्या मेहुण्याने परदेशातून एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला होता. तेव्हाचा, म्हणजे ऐंशीच्या दशकातला, घरगुती कॉम्प्युटर म्हणजे कीबोर्ड आणि सर्किट एकाच प्लॅस्टिकच्या पेटीत, जेमतेम पोळपाटाएवढ्या. ती टीव्हीला जोडायची आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून आत घालायचा. सरांनी तो मे महिन्यात खिडकीशी ठेवला. प्लॅस्टिक परदेशातलं, त्याला नागपूरचा मे महिना कोणी सांगितलाच नव्हता. झाकण वाळत टाकलेल्या पापडासारखं वर आलं. शिवाय सरांनी स्वतः एक जादा सर्किट जोडलं होतं, ते त्या पेटीत मावत नव्हतं. म्हणून त्यांना पत्र्याची नवी पेटी पाहिजे होती.

"एकच पेटी?" मी जरा पडेल आवाजात विचारलं.

"आत्ता एक. पण आमचे सेक्रेटरी साहेब कॉम्प्युटरची खोली करायची म्हणतात. हा मी त्यांना चालवून दाखवणार आहे. पसंत पडला तर बारा करू. सर्किट मी जुळवीन, पेट्या तुम्ही करा. आणि इथं चालला तर दुसरी कॉलेजं आहेतच की."

बारा पेट्या आणि दुसरी कॉलेजं! पाऊस असो, थंडी असो, पेटी ती पेटी. मी सरांना चहा पाजला आणि शंकररावांना हाक मारली.

सरांनी ड्रॉइंग फार सुरेख काढून आणलं होतं. लांबी, रुंदी, कीबोर्डसाठी वर खिडकी, मागे वायरींसाठी भोकं. तीन बाजूंना एक शब्द लिहिला होता: लूव्हर. लूव्हर म्हणजे पत्र्याला चीर पाडून तिचा एक ओठ उचललेला. हवा जाते, पण सरळ आत दिसत नाही. आमच्या कूलरला तीन बाजूंना तेच असतात. त्यामुळे डाय, म्हणजे साचा, तयार होती, हात बसलेला होता. मी मनात म्हटलं, चला, हे तर आपलंच काम आहे.

सर निघताना शंकररावांना म्हणाले, "बाकी काही नाही, याला कूलिंग चांगलं पाहिजे. आत गरम होतं."

शंकररावांचा चेहरा खुलला. "कूलिंगचं काम आहे का? मंग पह्यलेच सांगायचं ना जी!"

हे वाक्य मीही ऐकलं आणि सरांनीही ऐकलं. आम्हा दोघांनाही ते शुभशकुनासारखं वाटलं.

आता पुन्हा त्या भोकाकडे येतो. सर डबा न्यायला आले तो प्रयोगाचा आदला दिवस. हॅमरटोन, म्हणजे ठोकलेल्या पत्र्यासारखा दाणेदार, रंग मारून पेटी झकास दिसत होती. सर आधी खूश झाले, मग त्यांनी ती उलटी केली, आणि पुढचं मी सांगितलंच. भोकाचा वाद चालला असताना मी सहज बाजूच्या लूव्हरवरून बोट फिरवलं आणि ते वर उघडलेल्या ओठात अडकलं.

कूलरच्या लूव्हरचा ओठ वर तोंड करून असतो. कारण ताटीवरून उडालेला थेंब बाहेर जमिनीवर न पडता घरंगळत परत टाकीत गेला पाहिजे. मशीनच्या पेटीचा लूव्हर बरोबर उलटा, खाली तोंड करून असतो. पाऊस पडो, धूळ पडो, काही आत जाता कामा नये. एक पाणी आत ठेवायला, दुसरा पाणी बाहेर ठेवायला. ड्रॉइंगवर दिशा लिहिलेली नव्हती, कारण सरांच्या मते ती सांगायची गोष्टच नव्हती. शंकररावांनी विचारली नाही, कारण त्यांच्या मतेही नव्हती.

तिन्ही बाजूंचे लूव्हर आभाळाकडे तोंड करून, चोच वासून बसले होते. मी बुडाला लेव्हल लावून पाहिली. तळाला भोकाकडे हलकासा ढाळ दिलेला होता. म्हणजे त्या माणसाने अर्धवट काही केलं नव्हतं. अंगावर पडलेलं पाणी गोळा करून एका कोपऱ्यात आणणारा संपूर्ण, निर्दोष कूलर त्याने पोळपाटाच्या मापात बनवला होता.

मी सरांना ते सांगितलं. सर एका उपड्या टाकीवर बसले.

"शंकरराव, काहून केलं असं?" माझा आवाज चढला होता. एरवी मी शेडमध्ये जपून बोलतो, पण चिडलो की मीही अंबाझरीच्या अलीकडचाच, अस्सल नागपुरी.

"असं म्हंजे कसं? साहेब म्हणे कूलिंग पाहिजेन. मी कूलिंगचं केलं. इतके कूलर केले, कोणं म्हटलं का उलटे लावले म्हून?"

"अहो, हा कूलर नाही!"

"मंग आंधी सांगाचं ना भाऊ, काय आहे ते. कंप्युटर म्या कधी पाह्यला?"

समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि पाण्याचा विषय मला तेव्हा नकोसा झाला होता. नवीन पेटी करायची तर पत्रा होता, हातही होते. पण श्रावणातल्या त्या दमट हवेत रंग एका दिवसात वाळणं शक्य नव्हतं. ओल्या रंगाची पेटी सेक्रेटरी साहेबांच्या हाताला चिकटली असती तर बाराच्या बारा पेट्या तिथेच चिकटल्या असत्या.

सर शेवटी उठले. "खोलीत काही पाऊस पडत नाही. उद्याचा दिवस जाऊ द्या. पुढच्या पेट्या नीट करा." मग हातातलं बूच त्यांनी रागाने गेटापलीकडच्या नालीत भिरकावलं. "आणि ते भोक निदान मोकळं राहू द्या. हवा तरी जाईल."

दुसऱ्या दिवशी मी शंकररावांना घेऊन पॉलिटेक्निकला गेलो. पेटीत सर्किट बसवताना काही घासलं, अडलं तर कानस घेऊन माणूस पाहिजे म्हणून. काही अडलं नाही. शंकररावांचं माप सुतासारखं सरळ होतं. सरांनी सर्किट चार पितळी बुशांवर, म्हणजे छोट्या नळकांड्यांवर, तळापासून अधांतरी बसवलं, टीव्ही जोडला, कॅसेट लावली. प्रोग्राम साधाच होता: एक बटण दाबलं की पडद्यावर सेक्रेटरी साहेबांचं नाव ठिपक्याठिपक्याने देवनागरीत उमटायचं. सर म्हणाले, यासाठी त्यांनी उन्हाळ्याची सुट्टी घातली. मालकाचं नाव दिसल्याशिवाय मशीन विकत घेतलं जात नाही, हे ज्ञान मात्र ते कॉलेजात शिकले नसावेत. नोकरीत शिकले असतील.

सेक्रेटरी साहेब आले. धिप्पाड, पांढरा सफारी, बोलणं मोकळं. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये लेथ आली, ड्रिल मशीन आलं, तेव्हा पूजा करूनच सुरू केलं होतं. त्यामुळे शिपाई मनोहर हळद-कुंकू, हार आणि नारळ घेऊन तयारच उभा होता. सरांना हे कोणी सांगितलं नव्हतं. ते सर्किटच्या नादात होते.

कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर चौकोनी ठिपका लुकलुकत होता. साहेबांनी पेटीला कुंकू लावलं, इथवर ठीक होतं. मनोहरने दाराच्या पायरीवर नारळ फोडला आणि पाणी वाटीत धरून आणलं. लेथवर नारळाचं पाणी शिंपडलं तर लेथचं काय जातं? तीच वाटी साहेबांनी कॉम्प्युटरवर उचलली.

"साहेब, कीबोर्डवर नको!" सर अक्षरशः ओरडले.

"अरे बाबा, घाबरता काहून? शास्त्रापुरतं," साहेब म्हणाले. "बरं, तोंडावर नाही टाकत. बाजूनं टाकतो, मग तं झालं?"

आणि त्यांनी बाजूने टाकलं. उदार माणूस, हात सढळ. अख्खी वाटी लूव्हरवर रिकामी झाली.

दुसऱ्या कोणत्याही पेटीवरून ते पाणी ओघळून टेबलावर आलं असतं. आमच्या लूव्हरांनी एक थेंब वाया जाऊ दिला नाही. चोच वासून बसलेल्या त्या ओठांनी सगळं आत घेतलं. सर भिंतीला टेकले. मी डोळे मिटले. बारा पेट्या, दुसरी कॉलेजं, भिलाईची गाडी, सगळं माझ्यासमोरून गेलं. सरांचा तर स्वतःचा जीव त्या सर्किटमध्ये होता. तसं दुसरं मिळवायला पुन्हा मेहुणा परदेशी जायला हवा होता.

मग टेबलाखालून टपटप आवाज आला.

"साहेब, हे तं पाझरून राह्यलं," मनोहर म्हणाला.

पत्र्याच्या आतल्या अंगाने उतरून पाणी ढाळावरून कोपऱ्यात गेलं होतं, कोपऱ्यातल्या भोकातून टेबलाच्या फटीत आणि तिथून जमिनीवर. सर्किट वर बुशांवर कोरडं होतं. पडद्यावर ठिपका लुकलुकत होता. साहेबांनी बटण दाबलं आणि त्यांचं नाव एकेक ठिपका करत, वेलांटी-उकारांसकट उमटलं.

साहेबांनी आधी नावाकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे.

"वा! पाणी पिऊन बी नाव बरोबर लिहिते. अन् पिलेलं बाहेर काढाची बी सोय! सर, हे तुमचं डोकं?"

सर सत्य सांगू शकले असते. पण त्यांनी नुसता माझ्याकडे हात केला. मी शंकररावांकडे हात केला. शंकरराव म्हणाले, "कूलिंगच्या कामाले ठेवाच लागते जी."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "आता खोलीचं सांगा. काय काय पाहिजे?"

सर पुढे आले. "खोली थंड पाहिजे साहेब. एसी लागेल."

"एसी? एसी तं माझ्या केबिनमध्ये नाही." साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं काम कायचं?"

"कूलरचं, साहेब."

"मग झालं ना! घरचाच वैद्य. कूलर लावून टाका. सर म्हणतात तेवढी खोली बाराही महिने थंड राह्यली पाहिजे. पह्यले कूलर, कॉम्प्युटर पुढच्या बजेटात पाहू."

देशकर सरांचा चेहरा नारळाचं पाणी ओतलं तेव्हापेक्षा वाईट झाला. कूलरची हवा ओली असते. ओल्या हवेने सर्किटच्या पिना गंजतात; कॉम्प्युटरला ते सावकाश दिलेलं विषच. हे मलाही कळत होतं. आणि हेही कळत होतं की भर श्रावणात कूलरची ऑर्डर नागपूरच्या इतिहासात कोणाला मिळाली नसेल. माझ्यासमोर पोळ्याच्या आतलं काम हात जोडून उभं होतं. पण समोर सर उभे होते, आणि त्यांच्याकडे बघून मला गप्प राहवेना.

"साहेब, कूलरची हवा ओली असते," मी म्हटलं. "कॉम्प्युटरला ओलावा चालत नाही."

शंकररावांनी मागून माझा शर्ट ओढला. "भाऊ, काहून बोलून राह्यले? चूप राहा ना!"

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग जमिनीवरच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"अख्खी वाटी पिऊन माझं नाव लिहिलं त्यानं. अन् तुम्ही मले ओलावा सांगून राह्यले?"

डोळ्यांनी पाहिलेल्या वाटीपुढे डिप्लोमा चालत नाही. मी आणखी एकदा तोंड उघडलं, तर साहेब सरांना म्हणाले, "माणूस इमानदार दिसते. ऑर्डर स्वतःहून नको म्हणणारा कूलरवाला मी पह्यल्यांदा पाह्यला. यालेच द्या." म्हणजे खरं बोललो म्हणून काम टळलं नाही, उलट पक्कं झालं.

आम्ही पोळ्याच्या दिवसातही कूलर वाकवत होतो, आणि शंकररावांनी भिलाई पुढच्या मृगापर्यंत ढकलली. शेजारच्या शेडमधले लोक येऊन बघून जायचे. एकाने तर माझी तब्येत बरी आहे का असं विचारलं. पुढच्या बजेटात कॉम्प्युटर आले नाहीत, त्याच्या पुढच्यातही नाही. कूलर हळूहळू खोलीतून निघून साहेबांच्या केबिनमध्ये, मग स्टाफरूममध्ये, मग साहेबांच्या घरी पोचले. ओलाव्याने एकही कॉम्प्युटर खराब झाला नाही, कारण ओलावा लागायला कॉम्प्युटर नव्हताच.

पण गावभर एक गोष्ट पसरली. पॉलिटेक्निकने कॉम्प्युटरसाठी खास कूलर बनवून घेतले म्हणे. कोणी पसरवली मला माहीत नाही. मनोहरवर माझा संशय आहे. पुढच्या होळीला गिऱ्हाइकं यायला लागली, "तो कंप्युटरवाला कूलर पाहिजे." मी आधी समजावत होतो की बाबांनो, हा साधाच कूलर आहे. मग लोक म्हणायचे, साधा नको, तोच दाखवा. शेवटी मी समजावणं सोडलं. खापा, सावनेरपासून ऑर्डरी आल्या. पावसाळ्यातही दुकानदार पुढच्या हंगामासाठी माल भरून ठेवू लागले आणि शेडमधल्या चिमण्या दुसरीकडे गेल्या. शंकरराव भिलाईला गेले नाहीत. साळा येऊन नाराज होऊन परत गेला. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आईला पेढे नेले, आणि तिने विचारलं तर म्हटलं, शंकरराव राहिले.

एका फाल्गुनात देशकर सर शेडवर आले. त्यांनी तोवर त्या खोलीचा नाद सोडला होता. घरी मात्र त्यांचा कॉम्प्युटर त्याच पेटीत चालत होता. नवी करून देतो म्हटलं तर नको म्हणाले. या वेळी त्यांना घरासाठी कूलर पाहिजे होता. त्यांनी परीक्षकाच्या तोऱ्यात लूव्हर तपासले, तोंड वर. तळाचा ढाळ तपासला. मग वाकून भोक पाहिलं.

"शंकरराव, याचं बूच कुठं आहे?"

"तुमीच तं फेकलं होतं जी," शंकरराव म्हणाले, आणि खिशातून नवं काढून दिलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. कोणत्याही ड्रॉइंगवर लूव्हर दिसला की मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो: पाणी आत पाहिजे की बाहेर? बहुतेकांना हा प्रश्न मूर्खपणाचा वाटतो. देशकर सरांना वाटत नाही.